खाचदार चेंबर आणि पितळी पुंगळीचे पुनर्भरण

बंदुकीतून गोळी सुटून गेल्यावर काडतुसाचा जो पोकळ भाग मागे उरतो, त्यास मराठीत ‘पुंगळी’ म्हणतात. वृत्तपत्रांच्या वाचकास हा शब्द बहुधा पंचनाम्याच्या वृत्तांतात भेटतो. घटनास्थळी इतक्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, एवढे सांगून तो वृत्तांत पुढे सरकतो आणि पुंगळीची कथा तेथेच संपली असा समज होतो. वस्तुतः लक्ष्यवेधाचा खेळ जेथे रुजलेला आहे अशा देशांत, विशेषतः अमेरिका, जर्मनी व स्वित्झर्लंड येथे, पुंगळीच्या आयुष्यातील दुसरे पर्व याच ठिकाणी सुरू होते. ती उचलली जाते, तपासली जाते, स्वच्छ करून पूर्ववत आकारात आणली जाते आणि नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घेऊन पुन्हा उपयोगात येते. या क्रियेस काडतुसाचे पुनर्भरण म्हणता येईल. संपूर्ण काडतुसात पितळी पुंगळी हाच सर्वांत महाग घटक असल्यामुळे या खटाटोपामागील हिशेब सहज ध्यानात येतो.

परंतु काही विशिष्ट रचनेच्या रायफलींतून बाहेर पडणारी पुंगळी पाहून अनुभवी मनुष्यही क्षणभर थबकतो. तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने समांतर काळे पट्टे उमटलेले असतात. बोट फिरविले असता पट्ट्यांच्या जागी सूक्ष्म उंचवटे जाणवतात. पुष्कळदा बाजूस एखादा पोचाही असतो. ही पुंगळी फेकून द्यावी की ठेवावी, हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. दुबळी झालेली पुंगळी पुन्हा भरली, तर ती फुटून तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो. उलटपक्षी निर्दोष पुंगळ्या केवळ रूपावरून टाकून देणे हाही एक प्रकारचा अज्ञानमूलक अपव्ययच होय. यासाठी त्या खुणा कशामुळे उमटतात, त्यांतील कोणती खूण निरुपद्रवी आहे आणि खरा धोका कोठे दडलेला असतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

पुंगळीचे कार्य

प्रथम शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’ या शब्दावरून आला आणि त्याचे मूळ कागद या अर्थाच्या ‘कार्ता’ शब्दात आहे. पूर्वी दारू व गोळी कागदाच्या गुंडाळीत बांधून ठेवीत, हे या नावाचे कारण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाची जागा धातूने घेतली, पण नाव तेच राहिले. हा बदल केवळ वेष्टनाचा नव्हता. कागदी गुंडाळी दारू एकत्र ठेवण्यापलीकडे फारसे काही करीत नसे. धातूच्या पुंगळीवर मात्र नळीचे मागील तोंड बंद करण्याची जबाबदारी येऊन पडली.

ती जबाबदारी पुंगळी पुढीलप्रमाणे पार पाडते. नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्यासाठी जी पोकळी असते, तिला चेंबर म्हणतात. काडतूस त्यात सहज सरकावे म्हणून ते चेंबरपेक्षा किंचित बारीक ठेवलेले असते. टोपीवर आघात होऊन दारू पेटली म्हणजे आतील दाब क्षणार्धात वाढतो. ७.६२ × ५१ मिलिमीटर या मापाच्या लष्करी काडतुसात तो सुमारे ४००० वातावरणदाबांपर्यंत जातो. या दाबाने पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरच्या पोलादास घट्ट चिकटतात आणि वायूस मागे येण्याची वाट उरत नाही. गोळी नळीबाहेर गेली की दाब उतरतो, पितळ आपल्या लवचीकपणामुळे किंचित आकसते आणि पुंगळी चेंबरमधून मोकळी होते. फुगून चिकटणे आणि आकसून सुटणे, या दोन परस्परविरोधी गुणांचा मेळ ज्या धातूत बसतो तोच पुंगळीस चालतो. सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असलेल्या पितळात तो उत्तम बसतो, असा दीर्घ अनुभव आहे.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांस पितळाचा आणखी एक स्वभाव परिचित असेल. भांडे ठोकत गेले की पत्रा कडक होत जातो. तसाच ठोकत राहिल्यास त्यास चीर पडते. म्हणून मधून मधून तो भट्टीत तापवून मऊ करून घ्यावा लागतो. पुंगळी कारखान्यात घडविली जाते ती याच नियमाच्या आधारे. तिचे बूड जाड व कडक ठेवतात, कारण सर्वाधिक ताण तेथे सोसावा लागतो. गळा व खांदा तापवून मऊ करतात, कारण त्यांस वारंवार फुगावयाचे व आकुंचन पावावयाचे असते. पुनर्भरणाच्या प्रत्येक फेरीत हेच पितळ पुन्हा एकदा ताणले व दाबले जाते, म्हणजे तांबटाच्या भाषेत पुन्हा ठोकले जाते. पुंगळीचे आयुष्य अमर्याद का नसते, याचे एक उत्तर येथे मिळते.

याच संदर्भात हिंदुस्थानातील एक जुना अनुभव उल्लेखनीय आहे. ब्रिटिश अमदानीत लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांतून साठविली जात आणि पुढे पाहावे तो त्यांच्या पितळास भेगा पडलेल्या आढळत. पितळात घडणीच्या वेळी राहून गेलेला ताण आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया यांचा संयुक्त परिणाम होऊन या भेगा पडतात, असा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी केला. पितळी पुंगळ्या स्वच्छ करताना अमोनियायुक्त द्रव वापरू नये, हा पुनर्भरणाचा नियम या उलगड्याशी सुसंगत आहे.

चेंबरला खाचा का पाडल्या

पुंगळी दाबाखाली चेंबरला चिकटून बसते, हे वर सांगितले. बोल्ट, म्हणजे पुंगळीच्या बुडास मागून टेकलेला पोलादी ठोकळा, दाब उतरेपर्यंत पक्का जखडलेला असेल तर या चिकटण्यापासून काही अडचण उद्भवत नाही. बहुसंख्य रायफलींत अशीच व्यवस्था असते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत जर्मनीतील ओबेर्नडोर्फ येथे माउझर कंपनीच्या अभियंत्यांनी निराळा मार्ग धरला. बोल्ट मुळीच न जखडता त्याचे मागे सरणे केवळ लांबणीवर टाकावे, अशी ती कल्पना होती. बोल्टचे दोन भाग करण्यात आले, पुढचा हलका माथा आणि मागचा जड वाहक. दोहोंच्या मध्ये दोन रोलर ठेवले. पुंगळीच्या दाबाने माथा मागे सरू लागला की रोलर आत दाबले जातात आणि ते मधल्या पाचरीच्या योगे जड वाहकास अधिक वेगाने मागे ढकलतात. पुढे याच तत्त्वावर झालेल्या जी-३ रायफलीत हे प्रमाण चारास एक असे आहे, म्हणजे माथा एक अंतर मागे येतो तेव्हा वाहकास चारपट अंतर काटावे लागते. जड वस्तूस एवढा वेग देण्यात शक्ती खर्च होते व त्या अवधीत गोळी नळीबाहेर पडते.

या योजनेत वायूची नळी, दट्ट्या वगैरे भाग लागत नाहीत, त्यामुळे शस्त्र स्वस्त व सुटसुटीत होते. पण तीत एक मूलभूत उणीव आहे. बोल्टचा माथा अत्यंत संथपणे का होईना, पण दाब पुष्कळ असतानाच मागे येऊ लागतो. त्या क्षणी पुंगळीची भिंत चेंबरला घट्ट धरून असते आणि बूड मात्र मागे जाऊ पाहते. परिणामी पुंगळी मधोमध ताणली जाते. पुष्कळ ताण बसल्यास तिचे बूड तुटून हाती येते व पुढचा भाग चेंबरमध्येच अडकून राहतो.

अशा अडचणीवर त्यापूर्वी एक उपाय रूढ होता, तो म्हणजे वंगण. ऑस्ट्रियाच्या श्वार्त्सलोजे मशीनगनमध्ये काडतुसास तेल लावण्याची सोय यंत्रातच केलेली होती. अमेरिकेतील पेडरसन यांनी १९२० नंतरच्या दशकात आपल्या रायफलीच्या काडतुसांस मेणाचा कडक लेप दिला. परंतु तेलावर धूळ बसते, आणि विशिष्ट लेपाच्या काडतुसांवाचून न चालणारे शस्त्र सैन्यास सोयीचे वाटत नाही. माउझरच्या अभियंत्यांनी निराळी युक्ती योजली. चेंबरच्या भिंतीत लांबीच्या दिशेने उथळ खाचा कोरल्या. नळीकडील तोंडापासून निघून या खाचा मागे येतात, परंतु चेंबरच्या अगदी मागील टोकापर्यंत पोहोचत नाहीत. दारू पेटली की नळीतील वायूचा अंश या खाचांतून मागे शिरतो आणि पुंगळीच्या बाहेरच्या अंगासही दाब देऊ लागतो. खाचेच्या जागी आत व बाहेर दाब जवळजवळ सारखा झाल्याने पितळ तेथे चेंबरला चिकटत नाही. पुंगळी जणू वायूच्या पातळ थरावर तरंगते. मागील गुळगुळीत भागात मात्र ती पूर्ववत फुगून तोंड बंद करते आणि वायू तेथेच अडतो. जे काम तेलाने करावयाचे ते येथे प्रत्यक्ष स्फोटाचा वायूच करतो, हे या रचनेचे मर्म होय.

युद्धसमाप्तीनंतर ही विद्या देशांतरास गेली. माउझरचे अभियंते लुडविग फोर्ग्रिमलर प्रथम फ्रान्समध्ये व १९५० साली स्पेनमध्ये गेले. तेथील सेत्मे या संस्थेत रोलरयुक्त व खाचदार चेंबरची रायफल सिद्ध झाली. तिचेच पुढील रूप जर्मनीच्या हेकलर उंड कोख कंपनीने घडविले आणि १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या सैन्याने ते जी-३ या नावाने स्वीकारले. १९६६ पासून निघालेली त्याच कंपनीची एमपी-५ ही छोटी मशीनगन याच घराण्यातील आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्याच्या वेळी राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या जवानांच्या हाती तीच होती. स्वित्झर्लंडची १९५७ ची रायफल आणि फ्रान्सची फामास यांतही चेंबर खाचदारच आढळते. मात्र फामासमध्ये रोलरऐवजी तरफेची योजना आहे. सोव्हिएत रशियाच्या तोकारेव रायफलीत तर बोल्ट जखडलेला असूनही पुंगळी सुलभपणे निघावी म्हणून चेंबरला खाचा ठेवलेल्या होत्या.

खुणांचे वाचन

वरील विवेचनावरून पुंगळीवरील खुणांचा अर्थ लावणे सोपे जाईल. या खुणा तीन प्रकारच्या असतात व त्यांची कारणे भिन्न असल्यामुळे त्यांचे महत्त्वही भिन्न आहे.

पहिली खूण काजळीच्या पट्ट्यांची. खाचेतून मागे आलेल्या वायूतील काजळी पितळावर बसते व खाचांच्या संख्येइतके काळे पट्टे उमटतात. याचा पितळाच्या बळाशी काहीही संबंध नाही.

दुसरी खूण उंचवट्यांची. खाचेच्या जागी पितळास पोलादाचा आधार नसतो, त्यामुळे ते तेवढ्या रेषेत किंचित बाहेर येते. हे पाहून पितळ तेथे ताणून पातळ झाले असावे, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बाहेरून वायूचा दाब असल्यामुळेच पितळास खाचेत खोलवर शिरण्याचे कारण राहत नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. म्हणून उंचवटा नखाला जाणवतो एवढाच असतो आणि पुंगळी साच्यातून काढली असता तो बहुतांशी सपाट होतो. त्यानंतरही फिकट रेषा दिसत राहतात. पुंगळीच्या बळाच्या दृष्टीने त्यांस महत्त्व देण्याचे कारण नाही.

किंबहुना या बाबतीत सामान्य समजुतीच्या उलट विचार करावा लागतो. पट्टे स्पष्ट व सर्व बाजूंनी सारखे उमटले असतील, तर सर्व खाचा मोकळ्या असून वायू आपले काम करीत आहे असा त्याचा अर्थ होतो. एखादा पट्टा गळाला असेल किंवा अर्ध्यावर तुटला असेल, तर ती खाच काजळीने बुजली असावी अशी शंका घेण्यास जागा आहे. बुजलेल्या खाचेच्या जागी पितळ चेंबरला चिकटते व पुंगळीवर ओढ पडते. सबब येथे खुणेच्या अस्तित्वापेक्षा तिचा अभाव अधिक चिंताजनक होय, आणि अशा वेळी पुंगळीबरोबरच चेंबरचीही तपासणी करून खाचा घासून स्वच्छ करणे अवश्य ठरते.

तिसरी खूण पोच्यांची. तिचा खाचांशी प्रत्यक्ष संबंध नाही. या घराण्यातील रायफली पुंगळी मोठ्या जोराने बाहेर भिरकावतात. ती काही मीटर दूर जाऊन पडते आणि बाहेर पडता पडता शस्त्राच्या पत्र्यावर आपटते. त्यामुळे कधी तिच्या अंगास पोचा येतो, कधी तिचे तोंड चेपते. लष्करास रिकामी पुंगळी पुन्हा वापरावयाची नसते, तेव्हा या जोरास आवर घालण्याची निकड रचनाकारांस भासली नाही. पुनर्भरण करणारे नेमबाज मात्र पुंगळी बाहेर पडण्याच्या झरोक्याशी मऊ पदार्थाचा ठोकळा बसवितात, त्यामुळे आघात सौम्य होतो. चेपलेले तोंड साच्याच्या मधल्या दांड्याने पुन्हा गोल करता येते. पसरट, गुळगुळीत पोचाही पुढील वेळी गोळी झाडताना आतील दाबाने आपोआप उठून येतो. पण ज्या पोच्यास तीक्ष्ण घडी पडलेली आहे, तो धातूत चिरेची सुरुवात करतो; अशी पुंगळी बाद करणेच इष्ट.

पुनर्भरणाचा क्रम

पुनर्भरण शक्य आहे की नाही, हे प्रथम टोपीच्या रचनेवरून ठरते. या रचनेचे दोन प्रकार रूढ आहेत. इंग्लंडचे बॉक्सर यांच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते व आघात झेलणारी ऐरण टोपीतच बसविलेली असते. अमेरिकेचे बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडविलेली असून तिच्या बाजूस बहुधा दोन छिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीची जुनी टोपी आतून एका सुईने ढकलून काढता येते; बर्डन पद्धतीत ते सहजासहजी जमत नाही. गमतीची गोष्ट अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. त्यामुळे युरोपीय लष्करी साठ्यातील पुंगळी हाती आल्यास प्रथम आत डोकावून छिद्रे मोजणे, हे शहाणपणाचे लक्षण मानले जाते.

यानंतर पुंगळ्या स्वच्छ केल्या जातात. अक्रोडाच्या कवचाचा अथवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भुगा घातलेल्या फिरत्या किंवा थरथरत्या भांड्यात त्या काही तास ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. खाचदार चेंबरमधील पुंगळीच्या बाबतीत ही पायरी गाळता येत नाही. पट्ट्यांच्या जागी घट्ट बसलेली काजळी तशीच साच्यात गेली, तर तिचे कण साच्याच्या आतील पृष्ठावर ओरखडे पाडतात, आणि एकदा ओरखडलेला साचा पुढील प्रत्येक पुंगळीवर तेच ओरखडे उमटवीत राहतो.

स्वच्छ पुंगळीस हलके वंगण लावून ती दाबयंत्राच्या योगे पोलादी साच्यात घातली जाते. फुगलेली भिंत तेथे मूळ मापास येते. स्वयंचलित व अर्धस्वयंचलित रायफलींसाठी पुंगळी संपूर्ण लांबीत मापात आणावी लागते. केवळ गळा आवळून भागत नाही, कारण बोल्ट हाताने दाबून बसविण्याची येथे सोय नसते. वंगण जास्त झाल्यास ते साच्यात कोंडून खांद्यावर खळगा पाडते, कमी झाल्यास पुंगळी साच्यातच रुतून बसते. काम आटोपल्यावर वंगणाचा लवलेशही पुसून काढणे अगत्याचे आहे. राहिलेले वंगण चेंबरच्या खाचांत जाऊन काजळीबरोबर जळते व खाचा बुजवू लागते. शिवाय वंगण लागलेल्या पुंगळीची पकड कमी झाल्याने बोल्टवर अधिक भार येतो.

साच्यातून निघालेली पुंगळी लांबट झालेली असते, कारण दाबलेले पितळ पुढच्या दिशेने सरकते. ७.६२ × ५१ च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. तीहून लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या पुढील कडेत चेपून गोळीस आवळून धरते व दाब धोकादायक रीतीने वाढतो. म्हणून जास्तीचा भाग कापून टाकतात. लष्करी पुंगळीत टोपीभोवती धातूची मुरड घातलेली असल्यास ती काढून घेतात. मग नवी टोपी अशा बेताने बसवितात की ती बुडाच्या पातळीच्या किंचित आत राहील. शेवटी दारूचे वजन करून ती भरतात व गोळी बसवितात. दारूचा प्रकार व प्रमाण उत्पादकांच्या प्रसिद्ध कोष्टकांवरूनच घ्यावयाचे असते. त्यात अंदाजास वाव नाही. विलंबित बोल्टच्या रायफलीत तर ही शिस्त अधिकच कडक ठेवावी लागते. बोल्ट उघडण्याची वेळ येथे दाबाच्या प्रमाणावर व त्याच्या उतरण्याच्या वेगावर अवलंबून असते, आणि शस्त्र मूळच्या लष्करी काडतुसास अनुसरून जुळविलेले असते. जळण्याची गती त्याहून फार भिन्न असलेली दारू वापरल्यास माथा गरजेपेक्षा लवकर वा अधिक जोराने मागे येतो.

खरा धोका

पुंगळीचा खरा शत्रू या दर्शनी पट्ट्यांत नसून बुडाजवळ दडलेला असतो. बुडाची जाड भिंत संपून अंगाची पातळ भिंत सुरू होते, त्या सांध्यापाशी ताण एकवटतो. प्रत्येक वेळी पुंगळी थोडी ताणली जाते, साचा तिला पुन्हा आखूड करतो, आणि या येरझाऱ्यांत सांध्यावरील पितळ आतून झिजत जाते. बाहेरून तेथे एक फिकट, चकचकीत कडे दिसू लागते. हे कडे पुंगळीच्या घेराच्या दिशेने असते, खाचांचे पट्टे लांबीच्या दिशेने असतात. एवढा भेद ध्यानात ठेवला तरी निरुपद्रवी खूण आणि धोक्याची सूचना यांत गल्लत होणार नाही. खात्रीसाठी टोक वाकविलेली बारीक तार पुंगळीत घालून भिंतीवरून फिरवितात. सांध्यापाशी ती अडखळली की आत खळगा पडला असे समजावे. अशी पुंगळी तत्काळ चेपून टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा ढिगात मिसळणार नाही.

या झिजेचा वेग मुख्यत्वे दोन गोष्टींवर ठरतो. पहिली, साच्यात खांदा किती मागे ढकलला जातो ही. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच मागे जावा. गरजेपेक्षा अधिक ढकलल्यास पुढील वेळी पुंगळीस तितकेच अधिक ताणावे लागते. दुसरी, प्रत्यक्ष शस्त्राची स्थिती. जी-३ च्या घराण्यात बोल्टचा माथा व वाहक यांतील फट ०.१० ते ०.५० मिलिमीटर असावी असा दंडक आहे. रोलर झिजले की ही फट कमी होत जाते आणि विलंबाची सारी व्यवस्था बिघडू लागते. अशा शस्त्रातून आलेल्या पुंगळीस दोष देण्यापूर्वी फट मोजून पाहणे हेच न्याय्य ठरेल.

गळ्यास उभी चीर पडणे हा त्या मानाने सौम्य दोष आहे. वारंवार काम झाल्याने पितळ कडक झाल्याचे ते चिन्ह होय. गळा तापवून मऊ केल्यास पुंगळीचे आयुष्य वाढते, परंतु बूड तापता कामा नये. मऊ झालेले बूड दाब सोसू शकत नाही. एकंदरीत पाहता, विलंबित बोल्टच्या शस्त्रातील पुंगळी हाताने बोल्ट चालविण्याच्या रायफलीतील पुंगळीइतक्या फेऱ्या टिकत नाही. तिच्या फेऱ्या मोजून ठेवणे आणि एका शस्त्राच्या पुंगळ्या दुसऱ्यात न मिसळणे, ही काळजी घेणारा नेमबाज अपघातापासून पुष्कळसा सुरक्षित राहतो.

कायदा व परिभाषा

हा उद्योग सर्वत्र मुक्त नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेत स्वतःच्या उपयोगासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. जर्मनीत मात्र स्फोटक पदार्थांच्या कायद्यान्वये शिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे सुटे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश केलेला असून परवान्यावाचून त्याची निर्मिती करण्यास मनाई आहे. त्यामुळे येथील वाचकाच्या दृष्टीने हा विषय कृतीचा नसून ज्ञानाचा आहे.

तथापि तो परका मानण्याचे कारण नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालत आला आहे, आणि या विषयाचे शब्दही मराठीत पूर्वीपासून नांदत आहेत. फारसीत औषध असा अर्थ असलेला ‘दारू’ हा शब्द येथे बंदुकीच्या चूर्णास लागला. डोक्यावरची ‘टोपी’ ठिणगी पाडणाऱ्या लहानशा वाटीचे नाव झाली. ‘पुंगळी’, ‘नळी’, ‘चाप’ हे शब्द तर घरगुती बोलीतूनच आले. चेंबर, बोल्ट व रोलर हे तीन शब्द मात्र इंग्रजीतून जसेच्या तसे आले आहेत व कारखान्यांतून ते इतके रुळले आहेत की त्यांच्या जागी नवे संस्कृत शब्द घडविल्याने अर्थबोध सुकर होईल असे दिसत नाही. चेंबरमधील खाचांस छपरावरून पाणी वाहून नेणाऱ्या ‘पन्हळी’चे नाव देता येण्याजोगे आहे, कारण दोहोंचे कार्य प्रवाहास वाट करून देणे हेच आहे. पुंगळीवर जे पट्टे उमटतात ते या वाटेने वायू गेल्याची साक्ष देतात. ती साक्ष नीट वाचता आली, म्हणजे कोणती पुंगळी ठेवावी व कोणती टाकावी याचा निर्णय भीतीवर किंवा केवळ रूपावर न सोपविता कारणांवर आधारता येतो.